लुंडबीची शिरगणती

लुंडबीचा इतिहास आर्लिस ट्वेडला आकड्यांत पाठ होता. नॉर्वेहून अमेरिकेत आलेली सात कुटुंबं ओढ्याच्या वळणावर उतरली तेव्हा चाळीस डोकी. रेल्वे आली तेव्हा सहाशे अकरा. पुढं रूळ उखडले, शाळा शेजारच्या गावात गेली, आणि दर दहा वर्षांनी आकडा खाली येत राहिला. सव्वीस वर्षं ती गावाची कारकून होती. एकदाही तिनं खोटा आकडा लिहिला नव्हता. यंदा मात्र तिच्या स्वतःच्याच घराचा शिरगणतीचा कागद तीन आठवडे मिठाच्या डबीखाली कोरा पडून होता.

“दोन लिहून टाका, आर्लिसबाई,” धान्याच्या कोठारात सकाळची कॉफी पिताना ड्वेन म्हणाला. एवढ्याशा गावाचा तो महापौर. “सगळी घरं मोजली मी. तुमच्याकडे दोन असतील तर शंभर, नाहीतर नव्याण्णव. वेशीवरच्या पाटीवर नव्याण्णव! लोकांना दुकानातला भाव वाटेल.”

“कागदावर स्पष्ट छापलंय. वृद्धाश्रमात राहणाऱ्यांना घरात धरू नका.”

“पण व्हर्लिन परत येणारच आहे ना?”

मेल्यानं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. ऑक्टोबरात तिच्या नवऱ्याची डावी बाजू गेली होती, आणि जानेवारीपासून तो जिल्ह्याच्या गावी वृद्धाश्रमात होता. बर्फ वितळलं की येईल, असं ती हिवाळाभर सांगत आली होती. आता ‘एक’ लिहायचं म्हणजे तो येणार नाही हे आपल्याच हातानं मान्य करायचं. तिला या कबुलीची भीती वाटत होती, आणि भीती वाटली की ती चिडायची.

“खोटं बोलू नये, हे तुला चर्चच्या रविवारच्या शाळेत मीच शिकवलं ना रे? वाया गेलं सगळं!” कप आपटून ती उठली.

पण गाडीत बसेपर्यंत तिचं ठरलं होतं. दोनच लिहायचं.

आश्रमात तिनं व्हर्लिनला लोणी-साखर लावलेली लेफ्सा, बटाट्याची पातळ नॉर्वेजियन पोळी, भरवली आणि मग कागद काढला.

“तुला घरात धरतेय,” ती म्हणाली.

“नको.” त्याचे शब्द हल्ली सावकाश यायचे. “मला इथं मोजलंय. मंगळवारी. सही केली मी.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर करू दिली असतीस?”

“पंचेचाळीस वर्षांचा संसार, आणि परस्पर सही करून मोकळा झालास!” तिचा आवाज फाटला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं.

“न्हाणीतून मला उचलताना तुझी पाठ धरली होती,” व्हर्लिन म्हणाला. “दिवाणखान्यात जमिनीवर झोपायचीस. तुझं कण्हणं मला रात्रभर ऐकू यायचं, आर्लिस. मी नाही येणार घरी.”

तिला रडू आवरेना. ती बराच वेळ रडली. त्यानं तिला रडू दिलं.

“गाव नव्याण्णववर आणलंस,” शेवटी ती नाक पुसत म्हणाली.

“ड्वेनला म्हणावं, लग्न कर. पन्नाशी आली घोड्याची.”

तिला हसू आलं आणि स्वतःचाच राग आला. तिनं पेन काढलं. गुडघ्यावर ठेवलेला कागद सारखा घसरत होता. व्हर्लिननं आपला धड हात पुढं केला, आणि तिचा ‘एक’ लिहून होईपर्यंत कागद घट्ट दाबून धरला.