दाट कापड, विरळ कापड

हानसान गावात विणकराच्या मागाच्या खोलीला भर उन्हाळ्यातही खिडकी उघडायची नाही, असा रिवाज. कोरडा वारा लागला की मोशीच्या झाडाचा तंतू तटकन तुटतो. बुनरे पन्नास वर्षं त्या दमट अंधारात घाम गाळत होती, आणि तिचं कापड घालून लोक बाहेर गारव्याला बसत होते. तिचा नवरा संगबे त्या खोलीत कधी पाऊलसुद्धा टाकत नसे, इतका उकाडा.

यंदा मात्र त्याला कुठेच चैन नव्हतं. मोठ्या दुखण्यातून उठला, पण अंगाला कापड लागलं की आग आग होई. उघड्या अंगानं चारचौघांत बसायची लाज, म्हणून दार लावून पडून राही. बोलणंही आटत चाललं होतं. हा माणूस असाच बंद खोलीत विझून जाईल, अशी भीती बुनरेला वाटे.

तिनं जीव ओतून सदरा विणला; दाट विणीसाठी तिचं गावात नाव होतं, त्याला साजेसा दाट. संगबेनं घातला, लगेच काढला.

"अगं, हे कापड आहे की भिंत?"

बुनरे फुगून मागावर जाऊन बसली. दुपारी तिथंच डोळा लागला. स्वप्नात वारा पाहुण्यासारखा त्या सदऱ्याभोवती हिंडत होता, दार शोधत होता, आणि दार कुठंच नव्हतं. जाग आली तेव्हा हात फणीवर होता. वीण घट्ट बसावी म्हणून प्रत्येक आडव्या धाग्यावर फणीचे दोन ठोके, ही तिची ख्याती. त्या दिवशी तिनं एकच मारला, तोही अलगद.

नणंद मालसून डोकावली. "वहिनी, मासे धरायचेत का यानं?"

"तुझ्या भावाला धरायचंय."

"गावात म्हणतील, बुनरेचा हात गेला."

"म्हणू देत."

नवा सदरा खळ देऊन कडक केला, अंगापासून सुटा राहावा म्हणून. सकाळी तो संगबेच्या उशाशी ठेवून ती मागावर बसली. बऱ्याच वेळानं त्याचं दार वाजलं. बसला असेल ओसरीवर, असं म्हणून तिनं धाग्याचा धोटा पलीकडे टाकला.

तेवढ्यात तिच्याच खोलीचं दार सरकलं. संगबे आत आला. धागा तुटू नये म्हणून त्यानं दार मागं नीट लावून घेतलं आणि तिच्या शेजारी टेकला.

"अहो, इथं कशाला? बाहेर वारा आहे."

"सदऱ्यात आहे तेवढा पुरे. तू विण."

बुनरेचे डोळे भरून आले. तिनं पुसले नाहीत. मागाची खोली ओली असलेलीच बरी.