झाकण नसलेली किटली

मी कॉफीची किटली बोलतेय. हो, हीच, खिडकीत रानफुलं खोचलेली. घरात पाऊल टाकणारा प्रत्येक जण मला बघून विचारतो, "अगं बाई, हिचं झाकण कुठं हरवलं?" हरवलं नाही हो, दिलं. कुणी आणि का, ते सांगते. पण घाईत असाल तर आत्ताच निघा, अर्धवट ऐकून जाणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत.

माझा जन्म बॉस्टनचा. इंग्लंडहून कच्चं कथील मागवायचं तर जकात परवडायची नाही. म्हणून आमच्याकडचे कारागीर घरोघरची वाकडी ताटं, मोडके चमचे गोळा करून वितळवत. त्यातून मी घडले. आमोस पेटिंगिलनं मला त्याच्या आईसाठी घेतलं आणि सेलमपलीकडच्या आमच्या गावी आणलं. त्याची आई म्हणजे जेरूशाबाई. मला पाहून म्हणाली, "कॉफी? तो कडू काढा कोण पिणार?" आणि सरळ फडताळात ढकललं. तिचा सगळा जीव चहावर! मला असा राग आला होता म्हणून सांगू!

अमेरिकेवर तेव्हा इंग्लंडच्या राजाचं राज्य होतं आणि ते दिवस करांचे होते. आधी कागदावर कर आला. वर्तमानपत्र घ्या, खरेदीखत करा, वर सरकारी शिक्का विकत घ्या. लोकांनी आकाशपाताळ एक केलं, तेव्हा तो गेला. मग काच, रंग, चहा यांची पाळी आली. पुन्हा बोंबाबोंब. बाकीचे कर उठले, चहावरचा तेवढा राजानं हट्टानं ठेवला.

"अरे, तीन पेन्सच ना?" जेरूशाबाई कप पुढे ओढत म्हणायची.

"प्रश्न पैशांचा नाहीच, आई!" आमोस तावातावानं सांगायचा. "आपल्या गावात डुकरं मोकळी सोडायची की कोंडायची, हेसुद्धा आपण सभागृहात हात वर करून ठरवतो. आणि समुद्रापलीकडच्या संसदेत आपला एक माणूस नाही, ती आपल्यावर कर बसवणार? विचारलं कुणी आपल्याला?"

हे मी फडताळातून निदान शंभरदा ऐकलं असेल.

मग बॉस्टनला लोकांनी जहाजांवरचा चहा समुद्रात फेकला. राजानं चिडून बंदरच बंद केलं आणि फौज पाठवली. झालं! गावोगावी चहा सोडायच्या शपथा सुरू झाल्या. आमच्या सभेनंही ठराव केला आणि देखरेखीच्या समितीवर आमोसला मुख्य नेमलं. कुणी चहा पिताना सापडला, की त्याचं नाव देशाचा वैरी म्हणून वर्तमानपत्रात छापायचं आणि त्याच्याशी बोलणंचालणं बंद करायचं, असा नियम त्यानं स्वतःच्या हातानं लिहिला.

घरी येऊन म्हणाला, "उद्यापासून चहा बंद."

जेरूशाबाई लगेच उठली. चहाचं भांडं सगळ्यांदेखत माळ्यावर टाकलं. आणि दुसऱ्या दिवशी मला फडताळातून काढून, पुसून, माझ्यात गुपचूप चहा केला! झाकण घट्ट लावलं, वास झाकायला शेजारी राय धान्याचे दाणे भाजले, कॉफीऐवजी भाजतात तसे. आमोस कौतुकानं सांगत सुटला, "बघा, आमच्या आईनं या वयात कॉफी धरली!" मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

असं महिनाभर चाललं. मग नोव्हेंबरातल्या एका दुपारी समितीची माणसं घरी आली. जेरूशाबाई कोंबड्यांकडे गेली होती. सून टॅबिथा पाहुण्यांना चहाऐवजी रासबेरीच्या पाल्याचा काढा देणार होती, पण पाणी काही उकळेना. तिला चुलीपाशी मी दिसले, गरम, भरलेली. बिचारीनं मलाच उचललं आणि सगळ्यांचे कप भरले.

पिंपं करणाऱ्या म्हाताऱ्या ओबदायाकाकांनी घोट घेतला, मग दुसरा घेतला. "टॅबिथा, पोरी," ते म्हणाले, "ही कॉफी कुठल्या झाडाची गं?"

आमोसनं कप तोंडाला लावला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आमोस, नियम तूच लिहिलायस," ओबदायाकाका हळूच म्हणाले. "नाव छापावं लागेल. आणि तुझं या समितीवर राहणं अवघड आहे."

"माझीच चूक आहे..." टॅबिथानं सुरुवात केली.

"गप गं!" दारातून आवाज आला. जेरूशाबाई एप्रनमध्ये अंडी घेऊन उभी होती. "तिला कशाला मधे ओढता? चहा माझा. छापा माझं नाव, ठळक छापा."

"आई, अख्ख्या गावानं मिळून ठरवलं होतं!" आमोसचा आवाज चिरकला.

"अख्ख्या गावानं? मग मी कुठं होते? तुमच्या सभेत बायकांना हात वर करता येतो का? राजानं विचारलं नाही म्हणून इतकी वर्षं माझं डोकं खाल्लंस. तू मला विचारलंस का रे? राजा निदान तीन हजार मैलांवर बसलाय. तू तर माझ्या चुलीपाशी बसतोस!"

ओबदायाकाकांना ठसका लागला. मला तर नाचावंसं वाटलं!

आमोसनं कप खाली ठेवला. मग उठून आईसमोर उभा राहिला. "चुकलं माझं. आता विचारतो. आई, सोडायचा का चहा?"

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर तुझं नाव छापीन, त्याखाली माझंही छापीन. पण विचारल्याशिवाय आता तुझ्यावर काही लादणार नाही."

"दोन दिवस विचार करते."

"दोन दिवस?" ओबदायाकाका म्हणाले.

"राजाला दहा वर्षं दिलीत, मला दोन दिवस जड झाले होय?"

तिसऱ्या दिवशी सभा होती. जेरूशाबाई मला काखेत मारून निघाली ती थेट सभागृहाच्या दारात. सगळे पुरुष वळून बघायला लागले. तिनं माझं झाकण धरलं आणि बिजागरीसकट उपटलं. दुखलं हो!

"चहा या झाकणाखाली लपत होता," ती म्हणाली. "आता झाकणच नको. शिशात वितळवा, बंदुकीच्या गोळ्या ओता. चहा मी सोडला, कुणी सांगितलं म्हणून नव्हे, मला पटलं म्हणून. आणि हा माझा हात. मोजा!"

झाकण धरलेला हात तिनं उंच केला. मग ओबदायाकाका म्हणाले, "मोजला," आणि सभेच्या वहीत तसं लिहायला लावलं.

वसंतात लढाई पेटली. आमोस बंदूक घेऊन गेला, लंगडत का होईना, परत आला. मधल्या एका उन्हाळ्यात आम्ही स्वतंत्र झाल्याचा जाहीरनामा चर्चमध्ये वाचून दाखवण्यात आला. बाहेर पडताना जेरूशाबाई टॅबिथाला म्हणाली, "चांगलं लिहिलंय. बायकांचं पुढच्या खेपेला लिहितील. नाही लिहिलं तर आपण आहोतच."

आता युद्ध संपलंय. घरात पुन्हा चहा होतो, माळ्यावरच्या त्याच भांड्यात. टॅबिथा मला नवं झाकण करून घेऊ म्हणते. तेवढं मात्र करू नका, हात जोडते! माझ्यात काय आहे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे. या फुलांत मी फार सुखात आहे.

शिवाय इथून मला सगळं ऐकू येतं. अजूनही सभेला निघताना आमोस आधी स्वयंपाकघरात येतो आणि टोपी हातात घेऊन विचारतो, "आई, टॅबिथा, यंदा डुकरं मोकळी सोडायची की कोंडायची?"

आणि दोघी कधी म्हणजे कधी एकमतानं उत्तर देत नाहीत.