मोजून काढलेली ऐंशी मिनिटं

मित्रांनो, कपाटावर चादरींनी पोट भरून बसलेली ती करडी बॅग दिसते ना, ती मी. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं फार काही आहे असं मला स्वतःला वाटत नाही. एक दिवस मात्र सांगायला हवा, असं बरेच दिवस मनात आहे. नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. थोडं मागून सुरुवात करते.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. तिथे शिवणयंत्रांच्या दोन रांगा होत्या. जाड कापड कापून, आत पुठ्ठा घालून, कडेनं चामड्याची पट्टी शिवून मला उभं केलं. ज्या बाईंनी माझी मूठ शिवली, त्यांनी शेवटी मुठीला धरून मला तीनदा हिसका दिला आणि शेजारणीला म्हणाल्या, "ही टिकेल." माझ्या वाट्याला आलेलं हे पहिलं कौतुक. पुढे फारसं आलं नाही, म्हणून ते लक्षात राहिलं.

मला विकत घेतलं एका घड्याळजींच्या बायकोनं. घड्याळजींचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. तिथे एक टेबल, एक दिवा, डोळ्याला लावायचं भिंग आणि भिंतीवर चाळीसेक घड्याळं. सगळी एकच वेळ दाखवत. एखादं मिनिटभर पुढे गेलं, तर घड्याळजींच्या घशाखाली घास उतरत नसे. सुटे भाग आणायला ते वर्षातून दोनदा मोठ्या शहरात जात, तेव्हा मी सोबत असे. एकदा माझं चाक निखळलं. ते त्यांनी स्वतः असं बसवलं, की नव्याहून गुपचूप फिरू लागलं.

पुढे सुटे भाग टपालानं घरी यायला लागले. माझ्यात आधी लोकरीचे कपडे आले, मग मुलांची जुनी पुस्तकं, मग चादरी. नऊ वर्षं मी कपाटावर होते. तक्रार करत नाही, पण इतकी धूळ खाल्ली की कुणालाही वाटावं, आपला जन्म कशासाठी झाला होता?

मग एक फोन आला. घड्याळजींचे थोरले भाऊ, दादा, तीस वर्षं परदेशात राहत होते. त्यांच्या गळ्यात गाठ निघाली होती. डॉक्टर स्वरयंत्रच काढणार होते. जीव वाचणार होता, आवाज जाणार होता. गुरुवारी सकाळी सातची वेळ ठरली होती. दादांचं मागणं एवढंच होतं, की बुधवारी संध्याकाळी तू इथे असावंस. एकदा पोटभर बोलून घेऊ.

मला खाली उतरवून ओल्या फडक्यानं पुसलं. घड्याळजींनी कपड्यांच्या मधोमध आपला हत्यारांचा डबा ठेवला. त्याच्याशिवाय ते कुठेच जात नसत.

दादांच्या देशात उतरल्यावर त्यांच्या गावी जायला विमान बदलावं लागणार होतं. तिकीटवाल्यानं पुढची दोन विमानं दाखवली. एक ऐंशी मिनिटांनी सुटणारं, दुसरं साडेचार तासांनी. दुसरंही संध्याकाळी सहापर्यंत पोहोचवत होतं, आणि तेच घ्या असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. पण चार तास बाकावर नुसतं बसायचं, हे घड्याळजींना पटेना. चालतं घड्याळ मुद्दाम बंद करून ठेवावं, तसं ते त्यांना वाटलं. घरी येऊन त्यांनी कागदावर हिशेब मांडला. उतरायला बारा मिनिटं, पासपोर्टला पंचवीस, चालायला चौदा. हातात एकोणतीस उरत होती.

"अहो, रांगेतली माणसं काय तुमच्या घड्याळाकडे बघून पुढे सरकणार आहेत?" बायको म्हणाली. "आणि बॅगेचं काय?"

"बॅगेचं आपल्याला काय करायचंय? टॅगवर शेवटच्या गावाचं नाव असतं. ती आपली आपण जाते."

मलाही ते खरं वाटलं. पुष्कळ प्रवासांत ते खरं असतंही. पण त्या देशाचा नियम वेगळा होता. बाहेरून येणाऱ्यानं देशात जिथे पहिल्यांदा पाय ठेवला, तिथेच आपली बॅग पट्ट्यावरून उचलायची, कस्टमच्या अधिकाऱ्यांसमोरून न्यायची, पुढच्या विमानासाठी पुन्हा सोपवायची, आणि मग स्वतः पुन्हा तपासणीच्या रांगेत उभं राहायचं. निघताना काउंटरवरच्या मुलीनं हे सगळं सांगितलं होतं. घड्याळजी तेव्हा तिच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ बघत होते. ते दोन मिनिटं मागे होतं.

विमान अगदी वेळेवर उतरलं. पासपोर्टच्या रांगेत पंचविसाऐवजी बेचाळीस मिनिटं गेली. मी पट्ट्यावर गोल गोल फिरत होते. घड्याळजी लगबगीनं आले आणि माझ्या समोरून, दोन हातांवरून, माझ्याकडे न बघता निघून गेले. मित्रांनो, बॅगेला तोंड नसतं याचं वाईट मला त्या दिवसाइतकं कधीच वाटलं नाही.

दारावरच्या अधिकाऱ्यानं त्यांना परत पाठवलं. मला शोधून ते पुन्हा कस्टमच्या टेबलाशी आले, तर यंत्रात माझ्या पोटातल्या स्प्रिंगा आणि बारीक चाकं दिसली. मला उघडायला लावलं. अधिकारी बाईंनी डबा बघून विचारलं, हे काय आहे? 'घड्याळ दुरुस्तीची हत्यारं' एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण अर्धवट उत्तर देणं घड्याळजींच्या रक्तात नाही. ही मुख्य स्प्रिंग, हे तोलचक्र, हा चिमटा अमुक मापाचा, असं त्यांनी एकेक उचलून दाखवलं. बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मला बंद करायला सांगितलं. मला पुन्हा सोपवायच्या काउंटरशी आम्ही पोहोचलो, तेव्हा पुढच्या विमानाचं दार मिटलं होतं.

साडेचार तासांनंतरचं विमान भरलेलं होतं. मोकळी जागा होती ती थेट गुरुवारी सकाळच्या विमानात.

घड्याळजी मला टेकून बसले आणि त्यांनी फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता, घोगरा आणि हळू.

"काय घड्याळजी, किती वाजले?"

"दादा, माझं चुकलं रे."

"चुकू दे. आधी काहीतरी खाऊन घे. आणि ऐक..."

तेवढ्यात डोक्यावरच्या भोंग्यातून घोषणा सुरू झाली, एकामागून एक तीन भाषांत. दादा बोलत राहिले. घड्याळजींनी एका कानात बोट घातलं, फोन दुसऱ्या कानावर दाबला, तरी काही कळेना. घोषणा संपली तेव्हा दादांना खोकला लागला होता. मग वहिनींनी फोन घेतला आणि आता त्यांना बोलवत नाही म्हणाल्या.

गुरुवारी आम्ही पोहोचलो तेव्हा दादांना आत नेऊन चार तास झाले होते. वहिनींनी जाता जाता सांगितलं, की दादा आठवडाभर घरात कुणाशी बोलले नव्हते. बुधवारसाठी घसा राखून ठेवला होता.

चार दिवसांनी वहिनींनी दादांचे घरचे कपडे माझ्यात भरून दिले आणि घड्याळजी मला घेऊन दवाखान्यात गेले. दादा उशीला टेकून बसले होते. गळ्याला पट्टी होती. त्यांनी उशाशी लिहिण्यासाठी ठेवलेली पाटी ओढली आणि लिहिलं, "इथे बॅग उचलावी लागते, हे मी तुला सांगायला हवं होतं. मला वाटलं, तुला सगळं ठाऊक असतं."

घड्याळजींना बोलता येत होतं. तरी त्यांनी दादांच्या हातून पाटी घेतली आणि उत्तर लिहूनच दिलं. काय लिहिलं, ते मला दिसलं नाही. दादांनी ते वाचलं, पुसलं आणि पुन्हा लिहायला घेतलं. दोघं भाऊ संध्याकाळपर्यंत तसेच लिहीत बसले. फोनवर काय सांगायचं होतं, ते दादांनी लिहिलं की नाही, मला माहीत नाही.

मित्रांनो, मी कापड-पुठ्ठ्याची. उपदेश करायची माझी लायकी नाही. एवढंच मागते, की विमान बदलायचं असेल तर आधी विचारून घ्या, मधे बॅग उचलावी लागते का, कस्टम कुठे लागतं. आणि कुणी म्हणालं, दोन तास जास्त ठेवा, तर ठेवा. बाकावर नुसतं बसावं लागेल, पाय अवघडतील, कंटाळा येईल. येऊ द्या. पलीकडे कुणीतरी तुमच्यासाठी घसा राखून बसलेलं असतं.