गाणारीचा मान

आंजीत लग्न निघालं की पहिली अक्षत गावदेवीला आणि दुसरी नलूबाईला, असा एक काळ होता. तिसरी कोणाला द्यायची यावरून भाऊबंदांत हमरीतुमरी व्हायची, मामा रुसायचे, काके पाठ फिरवायचे. पण पहिल्या दोन अक्षतांबद्दल कोणी कधी तोंड उघडलं नाही. देवीशिवाय लग्न होत नाही आणि मंगलाष्टकांशिवायही होत नाही, आणि आंजीत मंगलाष्टकं म्हणजे नलूबाई.

नलूबाई रूपरावांची बायको. दिसायला चारचौघींसारखी, कामाला वाघीण, आणि गळा असा की मांडवाच्या पार शेवटी बसलेला बहिरा म्हातारासुद्धा बरोबर ‘सावधान’लाच अक्षता फेकायचा. ती नुसती पाठ केलेली मंगलाष्टकं म्हणत नसे. लग्नाच्या आधी दोन्ही घरची नावं विचारून घ्यायची आणि भाकरी थापता थापता ती चालीत बसवायची. नवरीचं नाव, नवरदेवाचं नाव, गाव, आजा, आजी, मामा. नवरदेवाच्या आत्याचं नाव सुटलं तर आत्या पुढची दोन-तीन वर्षं दिवाळीला येत नसे, एवढी त्या नावांची किंमत. मंगलाष्टकं संपली की नवरदेवाची आई स्वतः उठून यायची, नलूबाईला कुंकू लावायची आणि खणानारळानं तिची ओटी भरायची. त्याला गाणारीचा मान म्हणत. तो दिल्याशिवाय पंगत बसत नसे.

गायचा हा मान तिला मिळाला जिजाबाईकडून. नलूबाई नवी सून म्हणून आली तेव्हा जिजाबाई गायची, आणि जिजाबाई विधवा होती. विधवेनं मांडवात यायचं नाही, ही रीत तेव्हाही होतीच. रीती काही आजच्या नाहीत. पण गावात दुसरा गळा नव्हता. मग जाणत्यांनी डोकं खाजवलं आणि एका म्हाताऱ्यानं तोड काढली, “आवाजाले काय कुंकू लागते?” झालं. जिजाबाई घराच्या आत, दाराआड बसून गायची आणि मांडवात लग्न लागायचं. अडलं की रीतसुद्धा वाकते, हे नलूबाईनं त्या दाराआड जिजाबाईशेजारी बसून पाहिलं होतं. मंगलाष्टकं ती तिथंच शिकली.

आता धीरजचं सांगायला हवं. धीरज म्हणजे नलूबाईच्या मोठ्या जावेचा, प्रमिलाबाईंचा मुलगा. पोरगं गुणी होतं, त्याला नावं ठेवायला जागा नाही. वर्ध्याला कॉम्प्युटरचा क्लास केला आणि नालवाडीत एक खोली घेऊन तिथं आवाज भरायचा धंदा काढला. खोलीच्या भिंतींना त्यानं अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवले होते. ते पाहून रूपराव म्हणाले होते, “हे काय बे, कोंबड्या पाळून राह्यला का?”

२००१ साली धीरज घरी आला आणि म्हणाला, “काकू, तुमच्या मंगलाष्टकायची सीडी काढू. साऱ्या जिल्ह्यात वाजन.” नलूबाई लाजली, नाही म्हणाली, मग ठेवणीतलं लुगडं काढलं. रूपरावांनी तिला लुनावर बसवून नालवाडीला नेलं. सीडीच्या कव्हरसाठी स्टुडिओत फोटोसुद्धा काढला, कपाळभर कुंकू आणि नाकात नथ. त्या अंड्यांच्या खोलीत कानाला डबडी लावून ती उभी राहिली आणि सवयीनं विचारलं, “नावं कोणाची घेऊ?”

“नावं नका घेऊ काकू,” धीरज म्हणाला. “सगळ्यायले चालली पाहिजे नं. नुसतं वधू-वर म्हणा.”

तिला ते चमत्कारिक वाटलं. पण पोरगं शिकलेलं, त्याला कळत असेल, म्हणून तिनं कोणाच्याच नसलेल्या लग्नाची मंगलाष्टकं म्हटली. भिंतीकडे बघून म्हटली. आणि सांगायला हरकत नाही, फार सुंदर म्हटली.

सीडी पुलगावला गेली, आर्वीला गेली, देवळीला गेली. पहिल्यांदा लांबच्या गावांची बोलावणी थांबली. मग शेजारच्या गावांची. मग आंजीतलेच लोक येऊन सांगू लागले, “नलूवहिनी, तुम्हाले कायले उन्हातान्हात तरास? सीडी लावतो नं.” अक्षत द्यायचे, जेवायला बोलवायचे, पण गायला नाही. रूपराव हसायचे. “तू इथं भाकरी थापून राह्यली अन् तिकडं देवळीत तुह्या आवाजानं लग्न लागून राह्यलं. देवालेबी असं जमत नाई.” तीही हसायची. नावांची कोणाला आठवण झाली नाही. रुसणाऱ्या आत्यासुद्धा हळूहळू रुसायचं विसरल्या.

दोन वर्षांनी रूपराव गेले. सकाळी वावरात गेले, बांधावर छातीला हात लावून बसले आणि तिथंच आडवे झाले. नलूबाईचं कुंकू पुसलं गेलं. सीडीच्या कव्हरवरचं मात्र तसंच राहिलं आणि दुकानादुकानांतून लटकत राहिलं. लोकांना त्यात काही वावगं दिसलं नाही. सीडी शुभ होती. नलूबाई आता शुभ राहिली नव्हती.

तिनं ते सोसलं. बाई माणूस काय काय सोसतं त्याला हिशेब नाही. पण एक गोष्ट तिनं मनाशी धरून ठेवली होती. वर्षाली, तिची एकुलती एक पोर, शाळेत जायच्या वयाची असताना आईचं लुगडं गुंडाळून नवरी-नवरी खेळायची. तिला पाहून नलूबाईनं तेव्हाच एक मंगलाष्टक रचलं होतं. ते तिनं कधी कोणाला ऐकवलं नाही, वर्षालीलाही नाही. लग्नाआधी नवरीला तिचं मंगलाष्टक ऐकवायचं नसतं. एवढं एक म्हणायला मिळालं की पुढं गळा मिटला तरी चालेल, असं तिला वाटायचं.

२००७ च्या उन्हाळ्यात वर्षालीचं जमलं. आष्टीचं स्थळ, सचिन नावाचा शांत मुलगा. घरचे कर्ते म्हणजे नानाजी, रूपरावांचे थोरले भाऊ, धीरजचे वडील. कन्यादान ते आणि प्रमिलाबाई करणार होते. नलूबाईनं धीर गोळा केला आणि सगळे बसले असताना बोलली.

“भाऊजी, वर्षालीची मंगलाष्टकं मी म्हणू का? मांडवात नाई येत. जिजाबाई म्हणे तशी, दाराआडून.”

नानाजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी पानाची पिंक टाकली, विचार केला. “नलू, जिजाबाईच्या टायमाले दुसरं कोणी नव्हतं. आता सीडी आहे नं. त्यात तुहाच आवाज आहे. मंग आंग काऊन पाहिजे तिथं?”

“खरंच वं आई,” वर्षाली म्हणाली. “तुहाच आवाज वाजन माह्या लग्नात. मले त्येच पाहिजे.”

पोरगी प्रेमानं बोलली. आता तिला काय सांगायचं? नलूबाई उठून चुलीकडे गेली. तिला नानाजींचा राग आला नाही, रीतीचाही नाही. तिला त्या अंड्यांच्या खोलीत उभ्या राहिलेल्या, नथ घातलेल्या बाईचा राग आला.

आणि मग नलूबाईनं जन्मात पहिल्यांदा लबाडी केली.

भटजींनी दोन मुहूर्त काढून दिले होते, एक भर दुपारचा आणि एक गोरजाचा. मे महिना. शहाणा माणूस गोरजच घेईल. नलूबाई दुपारच्या मुहूर्ताला अडून बसली. प्रमिलाबाई म्हणाल्या, “अवं, पाहुणे भाजून निघतीन! येड लागलं का तुले?” नलूबाई म्हणाली, “आष्टी काय इथं आहे? उजेडी घरी पोचतीन लोकं.” कारण पटण्यासारखं होतं. मान्य झालं. खरं कारण तिच्या पोटात होतं. त्या वर्षी लोडशेडिंगनं कहर केला होता. आंजीची लाइन ऊन चढलं की जायची ती दुपार कलल्याशिवाय यायची नाही. संध्याकाळी मात्र असायची. लाइन नाही म्हणजे सीडी नाही, आणि सीडी नाही म्हणजे दुसरा गळा नाही. लोक महावितरणला शिव्या मोजत होते तेव्हा ही एकटी बाई देवाला सांगत होती, एवढ्या दिवशी लाइन वेळेवर ने रे बाबा.

देवानं ऐकलं. लग्नाच्या दिवशी वरात नाचत नाचत मांडवात शिरली आणि पंखे थांबले. माइक मुका झाला, धीरजनं लावून ठेवलेली सीडी तशीच राहिली. अंतरपाट धरला गेला, अक्षता वाटून झाल्या, नवरानवरी हार घेऊन उभी राहिली, आणि सगळे एकमेकांकडे पाहू लागले. भटजींचा गळा लग्नसराईनं पार बसला होता. “मंत्र म्हणतो,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, “मंगलाष्टकं माह्याच्यानं होत नाईत.”

“धीरज कुठं गेला? ओ धीरज!” कोणीतरी हाका मारल्या. धीरज जागेवर नव्हता.

“मुहूर्त चालला नं! म्हणा कोणी!” घामाघूम वऱ्हाडी ओरडले.

तेव्हा म्हातारा कवडू, गावातला जुना बँडवाला, खुर्चीतून अर्धा उठला. “नानाजी, जिजाबाई म्हणे दाराआडून. तशी नलूले म्हणू द्या. आवाजाले काय कुंकू लागते?”

गलक्यात ते जवळच्या चौघांनाच ऐकू आलं, अंतरपाटाआडच्या वर्षालीपर्यंत पोचलं नाही. नानाजींनी भटजींकडे पाहिलं, आष्टीच्या व्याह्यांकडे पाहिलं. कोणी नाही म्हटलं नाही. “म्हण म्हणा तिले,” ते म्हणाले. “दाराआडूनच.”

नलूबाई माजघरात केव्हाची उभी होती. तिनं पदर डोक्यावरून ओढला आणि जिजाबाई बसायची तशी दाराच्या कडेला बसली. चार वर्षं न गायलेला गळा. पहिला सूर थोडा चिरकला, मग लागला.

“आंजीच्या घरची उजेड-पणती, जाते नव्या अंगणी...”

आवाज पूर्वीचा राहिला नव्हता, बारीक झाला होता. पण खरा होता. दारापाशी बसलेल्या दोघीतिघींनी वळून पाहिलं. आता पुढची ओळ. ‘वर्षाली इवली कधी न कळता, झाली वधू देखणी.’ त्या ओळीसाठी तिनं भर उन्हाचा मुहूर्त घेतला होता, त्या ओळीसाठी खोटं बोलली होती. तिनं श्वास घेतला.

शेजारच्या शाळेच्या मागून भडभड आवाज आला. पंखे फिरले. आणि मांडवाच्या चारही कोपऱ्यांतून नलूबाईचा आवाज कोसळला, भरदार, सहा वर्षांनी तरुण, वधू-वरांना सुखात ठेव म्हणणारा. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. ‘सावधान’ आलं आणि अक्षता उडाल्या.

दाराआडच्या बाईनं दुसरी ओळ म्हटली. जोर लावून म्हटली. तिची तिलासुद्धा ऐकू आली नाही. मग तिनं तोंड मिटलं.

मंगलाष्टकं चालू असतानाच धीरज मागच्या दारानं आत आला. हाताला ग्रीस, अंगभर घाम, तोंडभर हसू. “काकू, भेल्या नाई नं तुम्ही? पुलगाववरून जनरेटर आणलं, कोणाले सांगितलंच नाई. दोरी ओढून ओढून हात गेले, चालूच होऊन नाई राह्यलं. पण आपल्या वर्षालीच्या लग्नात तुमचा आवाज बंद पडू देईन का मी?”

“चांगलं केलं बाबा,” नलूबाई म्हणाली. दुसरं काय म्हणणार? त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

हार पडले, टाळ्या झाल्या. नवरदेवाची आई सुलोचनाबाई उठल्या. जुन्या वळणाची, मायाळू बाई. हातात हळदीकुंकवाचं ताट, खण आणि नारळ. “गाणारीचा मान राह्यला नं,” असं म्हणत त्या दारापर्यंत आल्या. नलूबाईसमोर थांबल्या. करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडालेलं होतं आणि समोर मोकळं कपाळ होतं. क्षणभर दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सुलोचनाबाईंचे डोळे भरून आले. खरंच आले, खोटं कशाला सांगा. पण बोट पुढं आलं नाही.

त्या वळल्या. मांडवाच्या कडेला धीरजचा मोठा काळा साउंडबॉक्स होता, त्याच्यापाशी गेल्या. त्याला हळद लावली, कुंकू लावलं, चार अक्षता टाकल्या आणि पुढ्यात खण-नारळ ठेवून नमस्कार केला. बायकांना ते फार आवडलं. “चला, मान झाला,” कोणीतरी म्हणालं, आणि पंगत बसली.

निघायच्या वेळी वर्षाली आईच्या गळ्यात पडली. रडून रडून तिचं काजळ गालावर आलं होतं. नलूबाईनं पदरानं ते पुसलं.

“आई, किती छान वाजलं वं. मले तं तूच जवळ उभी राहून म्हणून राह्यली असं वाटलं.” तिनं नाक ओढलं. “फक्त सुरुवातीले आवाज लय बारीक येत होता, शब्दच समजत नव्हते. मंग धीरजदादानं वाढवला, तवा चांगलं ऐकू आलं.”

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. नलूबाईनं पोरीच्या डोक्यावरची अक्षत काढून स्वतःच्या मुठीत धरली.

“हो बाई,” ती म्हणाली. “लाइन गेलती नं.”