साळूबाईचा मापाचा जबडा

लहानपणी जांभळीवरून हनुवटीवर पडली तेव्हापासून साळूबाईचा जबडा जो धरला, तो पार चाळिशीपर्यंत. दातांच्या फटीत बोट शिरेना. पेज, कढी आणि पडलेल्या दाढेच्या खिडकीतून आत सरकवलेला भात, एवढ्यावर तिने संसार केला. शेवटी मुंबईच्या इस्पितळात जबड्याचे दोन्ही सांधे काढून नवे बसवले. तेही दुकानातले तयार नव्हेत; तिच्या डोक्याचा स्कॅन काढून तिच्याच मापाचे घडवलेले. पोलादपूरजवळच्या कापडे गावात माणसाच्या मापाने बनणारी वस्तू म्हणजे ब्लाउज. त्यामुळे बाया बघायला आल्या.

"धातूचा हाय ना गो? पावसात गंजला तर?" शेजारच्या कमळाबाईने विचारलं.

"तोंड मिटून ठेवायचं," साळूबाईचा नवरा हैबती म्हणाला.

घरी व्यायाम होता. आइस्क्रीमच्या असतात तशा चपट्या काड्यांची चळत दातांत धरायची आणि हळूहळू एकेक वाढवायची. वीस मावल्या की जबडा पास. नाहीतर आत पुन्हा हाड धरतंय असं समजायचं, आणि पुन्हा ऑपरेशन.

इस्पितळाने दिलेला काड्यांचा जुडगा हैबतीने पहिल्याच आठवड्यात चुकून लाकडाच्या ढलप्यांबरोबर बंबात घातला. पाणी चांगलं तापलं. हैबती सुतार असल्यामुळे घाबरला नाही. त्याने शिवणीच्या लाकडाच्या नव्या काड्या केल्या, रंधा मारून, कडा घासून. त्याने केलेल्या पाटावर एकदा म्हैस उभी राहिली होती आणि पाटाला काही झालं नव्हतं. पातळ काम म्हणजे चोरी, असं त्याचं मत.

चौदाव्या काडीवर गाडं अडलं. साळूबाईने शेक घेतला, आरशासमोर आ केला, देवीला नारळ बोलली. पंधरावी शिरेना. तपासणीच्या दिवशी तिने कुणाला न सांगता पिशवीत दोन लुगडी, टॉवेल आणि तांब्या भरला. आता पुन्हा कापणार, हे तिने मनाशी धरूनच टाकलं होतं.

महाडला डॉक्टर अनुपमा मुंबईहून तपासायला येत.

"किती काड्या जातात, साळूबाई?"

"चौदा."

डॉक्टरीणबाईंनी लगेच एक्स-रे काढायला पाठवलं. बाहेर बसल्या बसल्या हैबतीने बाकाचा पाय हलवून पाहिला. साळूबाईने पिशवी घट्ट धरली.

एक्स-रेत सांधे ठाकठीक होते. डॉक्टरीणबाईंनी तो उलटा धरूनही पाहिला.

"आ करा बघू."

साळूबाईने डोळे मिटून आ केला. डॉक्टरीणबाईंनी दातांत पट्टी लावली. मग पुसून पुन्हा लावली.

"अडतीस मिलिमीटर! पस्तीस झाले असते तरी मी पेढे मागणार होते. चौदा कसल्या सांगता?"

हैबतीने आपल्या पिशवीतून काड्या काढून टेबलावर ठेवल्या. चांगला आवाज झाला.

"या काड्या आहेत की पाट?"

"शिवणीच्या हायत, म्याडम. नातवंडांना पुरतील."

डॉक्टरीणबाईंनी आपली एक काडी शेजारी ठेवली. हैबतीची एक म्हणजे त्यांची दीड; चौदाच्या झाल्या एकवीस.

"म्हंजे कापायचं नाय?" साळूबाईने विचारलं.

"नाही हो. घरी जाऊन जेवा."

साळूबाईने घट्ट धरलेली पिशवी खाली ठेवली. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं.

वीस वर्षं हैबतीने बायकोचा राग ऐकला होता तो दातांमागून, चुलीवरच्या झाकणाखाली वाफ बोलते तसा. महाडच्या एस.टी. स्टँडवर तो राग पहिल्यांदा पूर्ण तोंडाने बाहेर पडला.

"माजी झोप गेली, जेवान गेला, देवीला नारल बोलले! आन तुमी तिकडं रंधा मारीत व्हता! काडी करायला सांगितली तर दाराची फली करताव?"

गाडीत बसल्यावरही चालूच. कंडक्टर आला, तिकिटं देऊन घाईघाईने पुढे सरकला. मागच्या बाकावरची दोन माणसं आपलीच चूक असल्यासारखी खाली बघत बसली. हैबती मात्र खिडकीशी मान तिरकी करून, डोळे अर्धे मिटून, रेडिओ ऐकावा तसा ऐकत होता. मध्येच ती दमून गप्प झाली.

त्याने डोळे उघडले.

"थांबलीस का गो? पोलादपूर यायचाय अजून."