दुसरा घोट

"आई, गिळू नको हवं तर. नुसती जिभेवर ठेव," संस्कृती म्हणाली.

ज्योत्स्नाबाईंच्या हातात पोटाशी फुगीर, तोंडाशी निमुळता असा काचेचा ग्लास होता. तळाशी मधाच्या रंगाची व्हिस्की. स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून बोटीने बराच वेळ आल्यावर हे बेट लागलं होतं. व्हिस्की गाळायच्या दगडी भट्टीत लांब टेबलाभोवती सात-आठ जोडपी बसली होती. मुलगी आणि जावयाने ही सहल लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून ठरवली होती. तिथे काय बघायचं आहे, हे मात्र बोटीत बसल्यावरच सांगितलं.

शेजारी बसलेल्या नवऱ्याने, दौलतरावांनी, आपल्या ग्लासावर पंजा ठेवला होता. बाटली घेऊन आलेल्या बाईला "नो, थँक्यू" म्हणून ते उठले आणि बाहेर समुद्राकडच्या कठड्यावर जाऊन बसले. गावाकडे कारंजा-धनज जीप चालवत होते तेव्हा ते रोज प्यायचे. अंगणवाडीत नोकरी करणाऱ्या ज्योत्स्नाबाईंनी गावच्या बाया गोळा करून देशी दारूच्या दुकानावर मतदान घडवून आणलं, आडवी बाटली जिंकली, दुकान बंद झालं. त्याच्या आदल्या दिवशी दौलतरावांनी सोडली, ती सोडलीच.

सगळे बघत होते. पोरीचा चेहरा उतरू नये म्हणून ज्योत्स्नाबाईंनी घोट घेतला. घसा जळला. मग धूर आला, ओल्या तुराट्यांनी पेटवलेल्या चुलीचा असतो तसा. इथे दलदलीतली माती वाळवून जाळतात आणि तिच्या धुरावर धान्य सुकवतात, असं ती बाई सांगत होती. धुरामागून थोडी गोडी आली आणि छातीत ऊब उतरली. दारू म्हणजे ओकारी, शिव्या, मोडलेली भांडी, एवढंच त्यांना ठाऊक होतं. हे कुणी सांगितलं नव्हतं. आता कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांनी दुसरा घोट घेतला. मग ग्लास रिकामा केला. ग्लास हातात असतानाच कशावर तरी त्या खळखळून हसल्या, तेव्हाच जावयाने फोटो काढला.

बाहेर आल्या तेव्हा दौलतरावांना वास आलाच असणार. ते एवढंच म्हणाले, "थंडी लय आहे. शाल घे."

जावयाने नातेवाइकांना पाठवलेला तो फोटो, ते धनजला परतेपर्यंत शेलूबाजारच्या भाचीकडून गावभर फिरला होता. दुसऱ्याच सकाळी धुरपताबाई अंगणात आली. मतदानाच्या वेळी दारोदार फिरताना सतत ज्योत्स्नाबाईंच्या सोबत असलेली ती. नवऱ्याचा, रामधनचा मार खाऊनही ती मागे हटली नव्हती.

"ज्योत्स्नाबाई, हे काय होय? आमचा बुढा मले फोन दाखवून हासून राह्यला. म्हने, तुमची पुढारीन पाह्य."

ज्योत्स्नाबाईंनी काही बोलायच्या आत दौलतराव खाटेवरून म्हणाले, "तो ग्लास माहा होय. फोटोसाठी तिच्या हाती देल्ला. पेलो मी."

धुरपताबाईने सुटकेचा श्वास टाकला. "मी म्हनलंच होतं त्याले! लय भांडली मी रात्री." मग तिचा आवाज बदलला. "नेम तुमाले मालूम आहे, भाऊ. रविवारी या."

नेम ज्योत्स्नाबाईंनीच घातला होता. जो पिईल त्याने समाजमंदिरात बायांपुढे बसून कान धरायचे आणि माफी मागायची. रामधनने दोनदा मागितली होती.

ती गेल्यावर ज्योत्स्नाबाई पुटपुटल्या, "काहून खोटं बोललात?"

"माहं नाव आधीच खराब होतं. तुहं खराब झालं त ह्या बायाइनं कोनाकडे पाहाव?"

ज्योत्स्नाबाईंना मनात कुठेतरी बरंही वाटलं, आणि तेच त्यांना अधिक लागलं. रविवारपर्यंत त्या नवऱ्याला वाढायच्या आणि स्वयंपाकघरात निघून जायच्या.

रविवारी दौलतराव धुतलेला सदरा घालून गेले. दाराशी माणसं जमली होती, रामधन सगळ्यांच्या पुढे. ज्योत्स्नाबाई नेहमीच्या खुर्चीवर होत्या. दौलतराव खाली सतरंजीवर बसले, कान धरले. "पुन्हा पेनार नाई."

"जोरानं बोला, भाऊ," बायांमधली रुपाबाई म्हणाली. "बाहेर ऐकू गेलं पाह्यजे."

दाराशी कुणीतरी फिसकन हसलं. दौलतरावांनी तेच वाक्य मोठ्याने म्हटलं. पिकल्या केसांखाली त्यांचे कान लाल झाले होते.

"उठा तुमी," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

त्यांनी मान किंचित हलवली. नको.

"उठा म्हनते ना!" त्या स्वतःच उभ्या राहिल्या. "यायनं एक थेंब पेला नाई. मी पेली."

कुणाला काही उमगेना. धुरपताबाईच आधी बोलली, "पोरीनं जबरदस्ती केली असन."

तिने सुटकेचं दार उघडून दिलं होतं. ज्योत्स्नाबाईंना फक्त हो म्हणायचं होतं.

"पयला घोट पोरीसाठी घेतला. दुसरा माह्या मनानं. मले आवडली, धुरपता."

दाराशी आता मोठं हसू फुटेल असं त्यांना वाटलं. पण कुणी हसलं नाही. रामधनने मान खाली घातली आणि तो बाजूला झाला.

"मंग आमी घरी काय सांगाव?" रुपाबाई म्हणाली. "आमच्या मानसाइले कोन्या तोंडानं अडवाव?"

ज्योत्स्नाबाई पुढे येऊन खाली बसल्या. कान धरले. माफीचे शब्द पुरे व्हायच्या आतच रुपाबाई उठली. मग दुसरी. लुगडी-पातळं सावरत बाया अंगावरून जात राहिल्या. एक-दोघी थबकल्या, पण थांबल्या नाहीत. दौलतराव उठून बाहेर गेले होते, अंगणात पाठमोरे उभे होते. बायको कान धरून बसलेली त्यांना पाहायची नव्हती.

शेवटी धुरपताबाई उरली. तिने सतरंजीची दोन टोकं उचलली आणि थांबली. ज्योत्स्नाबाई उठल्या, त्यांनी पलीकडची दोन धरली. दोघींनी ती झटकली, टोकाला टोक जुळवलं. घडी घालताना धुरपताबाई अगदी जवळ आली, पण तिने वर पाहिलं नाही. ज्योत्स्नाबाईंच्या हातातली टोकं तिने आपल्या हातात घेतली, सतरंजी काखेत मारली आणि उंबऱ्याशी जाऊन, त्या बाहेर पडेपर्यंत दार धरून उभी राहिली.