आठचा आकडा आणि बाराव्या दिवसाचा फोन

मित्रांनो, मी एक जुना, बटणांचा मोबाइल आहे. आता छापखान्यातल्या एका खणात दोन तुटक्या चष्म्यांच्या शेजारी पडून असतो.

माझे मालक मुद्रितशोधक. छापायला जाणाऱ्या इंग्रजी मजकुरातल्या चुका हुडकायच्या, हेच त्यांचे काम. त्यांच्या नजरेतून स्वल्पविरामसुद्धा सुटत नसे. लेक नर्सिंग शिकायला परगावी गेली, तेव्हा त्यांनी मला विकत घेतले. माझ्यावर फक्त इंग्रजी अक्षरे होती, म्हणून निरोपही इंग्रजीत. एस हवा तर सातचे बटण चार वेळा दाबायचे. तरी ते प्रत्येक शब्द पुरा लिहीत आणि शेवटी पूर्णविराम देत.

लेकीचे निरोप मात्र गमतीचे. तीन अक्षरी 'यू'चे एकच अक्षर! बाकीची दोन कुठे गेली, याचे मला फार कुतूहल वाटे.

एके दुपारी तिचा निरोप आला. 'ग्रेट'मध्ये जी, आर आणि पुढे आठचा आकडा. 'टुडे'च्या सुरुवातीला दोनचा आकडा. मालकांनी पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. "पुरा 'ग्रेट' लिहायला आठदा बटण दाबावं लागतं," ते पुटपुटले, "आणि हा आकड्याचा लिहायलाही आठदाच. मग पोरीनं वाचवलं काय?"

त्यांनी चुका दुरुस्त करून तोच निरोप तिला परत पाठवला. वर एक शब्द नाही.

त्यानंतर लेकीचे निरोप थांबले. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. मालक मला खिशातून काढत, बघत, पुन्हा ठेवत. अकराव्या दिवशी त्यांनी मला छापखान्यात अक्षरजुळणी करणाऱ्या ताईंपुढे धरले.

"बिघडलाय का बघ गं जरा."

ताईंनी जुने निरोप चाळले. "फोन धडधाकट आहे, काका. तिनं काय कळवलं होतं, वाचलंत का?"

"वाचलं की. दोन चुका होत्या."

"तिनं पहिल्यांदा एकटीनं पेशंटला इंजेक्शन दिलं, असं लिहिलंय."

मालकांनी चष्मा काढून पुसला. मग निरोप पुन्हा वाचला, या वेळी पेन्सिल न घेता.

"ती असं का लिहिते?" त्यांनी हळूच विचारले.

"सगळ्या मैत्रिणी तसंच लिहितात. त्यांची बोलीच आहे ती. शिकायचीय का?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शिकवणी झाली. ताईंच्या देखरेखीखाली मालकांनी 'कशी आहेस' एवढेच विचारले, पण तिच्या बोलीत: अर्धामुर्धा पहिला शब्द, मग आर, मग यू. पूर्णविराम द्यायला गेलेला अंगठा त्यांनी मागे घेतला.

मिनिटभरात मी वाजलो.

"बाबा, पडलात का कुठं? हाताला लागलंय?"

"नाही गं."

"मग हा निरोप कुणी लिहिला?"

"मीच लिहिला."

पलीकडे ती एवढी हसली, की ताईंनाही ऐकू गेले. मालक मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारले, "सुई टोचताना तुझा हात थरथरला का गं?"

मग ती बोलतच राहिली. माझी बॅटरी तापली, पण तक्रार करायची ती वेळ नव्हती.

पुढे मालकांना तीसेक आखूड शब्द पाठ झाले. लेक मात्र पेशंटच्या कागदावर औषधाचे नाव अक्षर न् अक्षर पुरे लिहू लागली. "तिथं अक्षर गाळलं तर गफलत होईल," असे तिने आपणहून सांगितले. कुठे काटकसर करायची आणि कुठे नाही, हे दोघांना कळले.

मग नवा फोन आला आणि मी खणात गेलो. मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखा कुणी पडून असेल, तर टाकून देण्याआधी त्याला एकदा चार्ज करा आणि आतले निरोप वाचा. त्यांतल्या एखाद्याचे उत्तर द्यायचे राहिले असेल, तर आजच द्या. स्पेलिंग कसेही चालेल.